दहा जणांची बोट आणि सलूनमध्ये झोपणारं पाचवं जोडपं

प्रश्न थोडक्यात: कोथरूडच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे, वय ४९. पाच जोडप्यांचा जुना ग्रुप, रविवारी पहाटे सिंहगड चढणारा. यंदा जवळपास सगळेच पन्नाशीला येतायत म्हणून गणपती झाले की सप्टेंबरअखेर क्रोएशियात आठवडाभर कॅटमरान (दोन सांगाड्यांची रुंद शिडाची बोट) चार्टर करायची, म्हणजे भाड्याने घ्यायची, असं ठरलंय आणि सगळी जुळवाजुळव ताईंच्याच गळ्यात आहे. ४५ फुटी बोट, जाहिरातीत "१०+२ बर्थ", भाडं ५,२०० युरो, येत्या रविवारपर्यंत अर्धे पैसे भरले तर अर्ली बुकिंगची सूट. अडचणी तीन. ग्रुपमधल्या एका मित्राने मुंबईला सेलिंगचा वीकेंड कोर्स केलाय, तो म्हणतो कॅप्टन मीच होतो, स्किपरवर (पैसे देऊन घेतलेल्या कॅप्टनवर) दीड लाख कशाला घालवायचे. पाचवं जोडपं पैशांवरून मागेपुढे करतंय, त्यावर कोणीतरी सुचवलं की त्यांनी सलूनमध्ये, म्हणजे बोटीच्या मधल्या बैठकीच्या जागेत झोपावं, त्यांच्याकडून थोडे कमी घेऊ. आणि ताईंच्या मिस्टरांना पोहता येत नाही, पाण्याची भीती आहे, पण "तू म्हणतेस तर येतो" असं ते म्हणतात. ताई विचारतात, "दहाही जण आले तरच हे परवडतं आणि तरच मजा आहे. सगळ्यांना एकत्र कसं ठेवू?"

ताई, नमस्कार.

आधी हिशोबच करू, कारण तुमचं सगळं पत्र "दहा आले तरच परवडतं" या एका वाक्यावर उभं आहे आणि ते वाक्य कोणी कागदावर मांडून बघितलंय असं मला वाटत नाही.

५,२०० युरो हे नुसतं बोटीचं भाडं. त्यावर स्किपर, दिवसाला साधारण २०० युरो धरा, सात दिवसांचे १,४००. शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, कागदपत्रं यांचं जे सक्तीचं पॅकेज असतं त्याचे ३५०. डिपॉझिट अडकू नये म्हणून जो वेव्हर घेतात त्याचे ४००. डिझेल २५०. चार रात्री मरीनात किंवा एखाद्या गावाच्या धक्क्यावर बोट बांधली तर ६००, कारण कॅटमरान रुंद असते आणि तिला जागेचं भाडं साध्या बोटीपेक्षा बरंच जास्त पडतं. झाले ८,२००. मी ढोबळ आकडे धरलेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. आता हे दहात वाटा, माणशी ८२०. आठात वाटा, माणशी १,०२५. फरक २०५ युरो, म्हणजे वीस-बावीस हजार रुपये. विमान, व्हिसा, इन्शुरन्स, खाणंपिणं, बोटीच्या आधीनंतरच्या हॉटेलच्या रात्री हे सगळं धरलं तर ही ट्रिप तशीही माणशी दोन-अडीच लाखांच्या घरात जाणारच आहे.

म्हणजे खरी गोष्ट एवढीच आहे की दोघं कमी झाले तर उरलेल्या प्रत्येकाला वीस-बावीस हजार जास्त पडतात. हे तुम्हा आठ जणांना जड जाणार असेल तर तेही ठीक आहे, पैसा सगळ्यांनाच लागतो, पण मग ते तसं एकमेकांना सांगा. एवढ्या फरकासाठी तुम्ही जुन्या मैत्रीतल्या एका जोडप्याला "तुम्ही नाही आलात तर आमचं बिघडतं" अशा जागी आणून उभं केलंय आणि त्यांना नाही म्हणायची सोयच ठेवली नाहीये, हे मला पत्रात सगळ्यात जास्त टोचलं.

आता ते १०+२ म्हणजे नेमकं काय ते बघा, कारण जाहिरातीतल्या फोटोत हे कळत नाही. ४५ फुटी कॅटमरान साधारण चौदा मीटर लांब आणि जवळपास आठ मीटर रुंद असते, आणि चार्टरला मिळणाऱ्या बहुतेक बोटींत चार डबल केबिन असतात, दोन्ही बाजूच्या हलमध्ये (पाण्यात असणाऱ्या सांगाड्यात) दोन-दोन, प्रत्येकीला आपलं टॉयलेट. झाली आठ माणसं. नववा-दहावा म्हणजे सलून, तिथलं जेवायचं टेबल खाली करून त्यावर गाद्या टाकायच्या. आणि +२ म्हणजे अगदी पुढे, बोटीच्या नाकात, डेकवरचं झाकण उघडून शिडीने खाली उतरायच्या दोन अरुंद खोपट्या, तिथे स्किपर झोपतो. सलूनमध्ये झोपणाऱ्या माणसाला दार नसतं. किचन तिथेच, चार्ट टेबल तिथेच, डेकवर जायचा रस्ताही तिथूनच. बाकीच्यांच्या गप्पा संपेपर्यंत त्यांना आडवं होता येत नाही आणि सकाळी पहिला माणूस चहा ठेवायला आला की त्यांना उठावंच लागतं, मग गाद्या गुंडाळा, टेबल वर करा, हे सात दिवस. कपडे बदलायचे तर दुसऱ्याच्या केबिनचं दार वाजवायचं. पन्नाशीच्या बाईला हे काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि हे त्या जोडप्याच्या वाट्याला का येणार, तर त्यांनी पैसे कमी दिले म्हणून, आणि ते दहाही जणांना माहिती असणार. रोज रात्री टेबल खाली करताना ते सगळ्यांच्या समोर दिसणार. ताई, हे करू नका. तुम्हाला खरोखर दहा जणच हवे असतील तर पाच किंवा सहा डबल केबिनची मोठी बोट बघा, भाडं वाढेल पण सगळे एका पातळीवर राहतील. नाहीतर सलूनची पाळी लावा, रोज वेगळं जोडपं, पैसे सगळ्यांचे सारखे. एवढं जरी बाकीच्या तिघांना मान्य होतंय का विचारून बघितलंत तरी सलूनमध्ये झोपणं किती सोपं वाटतंय ते लगेच कळेल.

मग त्या पाचव्या जोडप्याचं काय करायचं? व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकू नका. त्यातल्या मैत्रिणीला फोन करा, दोघींचाच, आणि सरळ सांगा, "हे बघ, तुम्ही आलात तर आनंदच आहे, नाही आलात तर आमचं काहीही अडत नाही, आम्ही आठात हिशोब लावून बघितलाय, बसतोय." हिशोब आधी लावून मगच हे बोलायचं, म्हणजे ते खरं असेल. बऱ्याचदा अशा वेळी समोरचा माणूस इतका मोकळा होतो की काय ते पटकन सांगून टाकतो, मुलाच्या फीचं आहे, सासूबाईंच्या ऑपरेशनचं आहे, किंवा नुसतं एवढंच की बोटीवर आठवडाभर राहण्यात त्यांना रस नाहीये. त्यांचे पैसे बाकीच्यांनी भरायचे का, हाही विचार तुमच्या मनात येऊन गेला असणार. माझं मत विचाराल तर, त्यांनी स्वतः कधी तसं मोकळेपणाने घेतलेलं असेल तरच. नाहीतर जुन्या मैत्रीत अशा मदतीचं ओझं फार वर्षं राहतं आणि देणाऱ्याला ते कळतही नाही.

आणि एक गोष्ट सुचवते. पन्नाशी आणि बोट या दोन गोष्टी तुम्ही एकमेकींना बांधून ठेवल्यात, त्या सोडवा. दहाजणांची पन्नाशी कोकणात करा ना, तारकर्लीला किंवा दिवेआगरला तीन दिवस, एखादं घरगुती जेवण देणारं घर पूर्ण घेऊन, तिथे सगळे येतील आणि पैशांचा विषयही निघणार नाही. क्रोएशिया ही ज्यांना हवीशी वाटतेय आणि परवडतेय त्यांची वेगळी ट्रिप होऊ दे. मग ती सहा जणांची झाली तरी कोणी कोणाला सोडून गेलं असं होणार नाही.

आता कॅप्टन. यावर जरा लांब लिहिते कारण असे मित्र बऱ्याच ग्रुपमध्ये असतात आणि ते वाईट नसतात, त्यांना मनापासून हौस असते.

पहिलं म्हणजे हा तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाहीये बहुधा. क्रोएशियात स्किपरशिवाय बोट घ्यायची तर चालवणाऱ्याकडे तिथल्या सरकारच्या यादीत असलेलं लायसन्स लागतं, सोबत व्हीएचएफ रेडिओ वापरायचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. कोर्स केल्याचं सर्टिफिकेट आणि लायसन्स या वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा वाद घालण्याआधी त्याच्याकडून त्याच्या कागदाचा फोटो घ्या आणि चार्टर कंपनीला मेल करून विचारा, हा चालतो का. उत्तर "नाही" असं आलं तर विषय संपला आणि तो तुम्ही संपवला असंही होत नाही. आणि हे आत्ताच विचारायचं, तिथे पोचल्यावर नाही, कारण बोट ताब्यात घेताना कागद चालले नाहीत तर ती तुम्हाला मिळत नाही किंवा ऐनवेळी मिळेल तो स्किपर मिळेल त्या भावात घ्यावा लागतो.

पण समजा उत्तर हो आलं. तरीही मी नको म्हणेन आणि कारण सांगते. आम्ही ग्रीसला आयोनियन बाजूला गेलो होतो, लेफ्कादाहून, स्किपर घेऊन. एका दुपारी मेगानिसीला एक खाडी लागली, इतकी सुंदर की सगळ्यांनी तिथेच रात्र काढायची ठरवून टाकलं, पोरं पाण्यात उड्या मारायलाही उभी राहिली. स्किपर म्हणाला इथे पोहा, जेवा, रात्री नाही. का, तर वारा फिरणार आहे आणि या खाडीचं तोंड त्याच बाजूला उघडं आहे. सगळ्यांची तोंडं उतरली, माझंही. तो काही भांडला नाही, तासाभराने इंजिन चालू केलं आणि आम्हाला बेटाच्या दुसऱ्या बाजूला नेलं, तिथे दृश्य काहीच नव्हतं, नुसते खडक आणि चार बोटी. त्याने नांगर टाकला, मग दोन्ही इंजिनं रिव्हर्समध्ये घेऊन नांगर बसलाय का बघितला, मग स्वतः मास्क लावून खाली पोहत जाऊन डोळ्याने बघून आला. रात्री दीडच्या सुमाराला वाऱ्याच्या आवाजाने जाग आली, बाहेर आले तर तो डेकवर बसलेला, फोनवर अँकर अलार्म लावलेला आणि एका बाजूच्या झाडाकडे बघत होता, ते झाड हलत नाही ना म्हणजे आपण सरकत नाही ना. आमची बोट तिथेच होती. आम्ही सोडलेल्या खाडीत मुक्कामाला राहिलेल्या एका बोटीवाल्यांची गाठ दुसऱ्या दिवशी गावात पडली, त्यांचा नांगर सुटला होता आणि रात्रभर ते टॉर्च घेऊन जागे होते.

आता त्या जागी तुमचा मित्र ठेवा. तो नऊ मित्रांना नाही म्हणू शकेल? आणि म्हणालाच तर तुम्ही ऐकाल, का "अरे एवढं काय, चालतंय रे" म्हणाल? संध्याकाळी सगळे ग्लास घेऊन बसलेत आणि तो एकटा पाणी पितोय कारण रात्री नांगर बघायचाय, हे त्याला सुट्टी वाटेल? धक्क्याला बोट उलटी लावताना, म्हणजे मागची बाजू धक्क्याकडे करून रिव्हर्स घेताना, बाजूने वारा आला की आठ मीटर रुंदीची ती उंच बोट शेजारच्याच्या अंगावर जाते, आणि त्या दोन मिनिटांत त्याला स्वतःच्या बायकोवर ओरडावं लागतं, मग ते ओरडणं जेवणाच्या टेबलावर येतं. आणि कायद्याने बोटीवरच्या प्रत्येक माणसाची जबाबदारी कॅप्टनची. तुमच्या मिस्टरांना पोहता येत नाही, ती जबाबदारी एका वीकेंड कोर्सवाल्या मित्राच्या खांद्यावर टाकणं हे त्याच्यावरही अन्याय आहे.

तर त्याला काय सांगायचं? "तुला जमणार नाही" असं कुणीही म्हणू नका. म्हणा, "तू नऊ जणांची ड्युटी करायला येऊ नकोस, तूही सुट्टीला ये. स्किपरला आधीच सांगून ठेवू की तुला शिकायचंय, सुकाणूवर तू, शिडं तू, रोजचा रूट त्याच्याबरोबर तू ठरव." बहुतेक स्किपर हे आनंदाने करतात, आणि परवानाधारक माणसाच्या शेजारी उभं राहून चालवलेले ते मैल त्याला पुढच्या कोर्सला उपयोगी पडतात. दीड लाख वाचणार होते म्हणतो ना, आठात ते माणशी १७५ युरो आहेत. तेवढ्यात रात्री झोप लागते.

एक स्किपरबद्दल, सगळ्यांसाठीच. तो नोकर नाही. तो स्वयंपाक करत नाही, भांडी घासत नाही, त्यासाठी होस्टेस किंवा कुक वेगळा घ्यावा लागतो. त्याला झोपायला जागा द्यायची, त्याचं जेवणखाण आपल्याकडे, आणि वाऱ्याच्या बाबतीत तो म्हणेल ते शेवटचं. दालमेशियाच्या, म्हणजे क्रोएशियाच्या त्या भागातल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी मायेस्त्राल नावाचा वारा वाहतो, शाळेत भूगोलात शिकलेल्या खाऱ्या वाऱ्यासारखा, दुपारी वाढतो संध्याकाळी पडतो, त्यावर मस्त सेलिंग होतं. पण डोंगराकडून अचानक खाली येणारा बुरा आणि दक्षिण-पूर्वेकडून दोन-तीन दिवस लाटा चढवत येणारा युगो हे वारेही तिथलेच आहेत आणि सप्टेंबर संपता संपता त्यांचं येणं वाढतं. तेव्हा "आम्हाला ह्वार, व्हिस, सगळं बघायचंच आहे" अशी यादी घेऊन जाऊ नका. कॅटमरान सहा-सात नॉट्सने जाते, म्हणजे ताशी अकरा ते तेरा किलोमीटर, आपल्या सिंहगड रोडच्या गर्दीतल्या गाडीएवढा वेग. स्प्लिट बंदरातून ह्वार बेट गाठायला तीनचार तास सहज जातात. शनिवारी संध्याकाळी बोट मिळते, पहिला दिवस तिथेच संपतो, शुक्रवारी संध्याकाळी डिझेलच्या रांगेत उभं राहून बेसला, म्हणजे बोट घेतली त्या बंदरात परत यावं लागतं आणि शनिवारी सकाळी नऊच्या आसपास सामानासकट बाहेर. हातात खरे दिवस पाच-साडेपाचच.

तुमचे मिस्टर. यांच्याबद्दल पत्रात फार थोडं आहे आणि मला ते जास्त हवं होतं. "तू म्हणतेस तर येतो" हे प्रेमाचं वाक्य आहे, पण त्यात यायची इच्छा कुठे आहे ते मला दिसलं नाही, तुम्हाला तरी दिसतेय का ते शांतपणे विचारा. भीती कशाची आहे तेही विचारा, कारण भीतीचे प्रकार असतात. बोट कलंडेल याची असेल तर कॅटमरान त्यातल्या त्यात बरी, दोन हल असल्यामुळे ती साध्या शिडाच्या बोटीसारखी एका बाजूला कलत नाही, ग्लास टेबलावर ठेवलेला बहुधा तसाच राहतो. पण लाट दोन्ही हलच्या मधून खालच्या बाजूला आपटली की धाडकन आवाज होतो आणि अख्खी बोट थरथरते, हे आधी माहीत नसलं तर पाण्याला घाबरणारा माणूस जागीच गारठतो. उलटीची भीती असेल तर त्याला औषध आहे, ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून, विशेषतः बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर विचारूनच. आणि बुडायची भीती असेल तर ती खरी भीती आहे, तिला हसायचं नाही. डेकच्या कडेला नुसत्या तारा असतात, बोटीवरून डिंगीत (किनाऱ्यावर न्यायच्या छोट्या होडीत) उतरणं, डिंगीतून खडकाळ किनाऱ्यावर पाय टाकणं हे रोजचंच होतं.

तुमच्याकडे अजून आठ महिने आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा गेटवेहून शिडाच्या बोटीतून दोन-तीन तास जाऊन या, किंवा गोव्याला एक दिवसाची कॅटमरान घ्या, दोघंच, ग्रुप नको, म्हणजे त्यांना कोणासमोर धीट दिसावं लागणार नाही. मांडव्याच्या फेरीवरून अंदाज बांधू नका, ती वेगळी गोष्ट आहे. आणि उन्हाळ्यात टिळक टँक किंवा जवळच्या कुठल्याही तलावावर मोठ्यांची शिकाऊ बॅच लावा. महिन्याभरात ते काही समुद्रात पोहणार नाहीत, पण नाकातोंडात पाणी गेल्यावर गडबडून न जाणं आणि पाठीवर तरंगणं एवढं आलं तरी फार फरक पडतो. बोटीवर त्यांच्या मापाचं लाइफजॅकेट पहिल्याच दिवशी बाजूला काढून त्यांच्या केबिनमध्ये ठेवा आणि ते डेकवर असताना घालणार आहेत हे स्किपरला सांगा, त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. आणि हे सगळं करूनही ते नको म्हणाले तर? तर तुम्ही मैत्रिणींबरोबर जा आणि ते येऊ नयेत. किंवा सगळ्यांनीच त्रोगिर किंवा स्प्लिटला घर घ्यावं आणि दोन-तीन दिवस स्किपरसकट दिवसाची बोट करावी, संध्याकाळी सगळे जमिनीवर. हा पर्याय ग्रुपमध्ये कोणी मांडला नाहीये कारण त्यात कॅटमरानवर राहिल्याचे फोटो येत नाहीत, पण भीती, पैसे, सलून सगळ्याच अडचणी यात निम्म्या होतात.

अजून एक प्रकार बघून ठेवा, केबिन चार्टर. यात पूर्ण बोट घ्यायची नाही, प्रत्येक जोडपं आपापली केबिन बुक करतं, स्किपर आणि कुक कंपनीचा, जेवण बहुधा धरलेलं. सेशेल्ससारख्या ठिकाणी हे बरंच चालतं. तोटा असा की उरलेल्या केबिनमध्ये अनोळखी माणसं असू शकतात आणि रूट तुमच्या हातात नसतो. फायदा असा की कोणी मागे हटलं तर त्याचं त्याने बघायचं, बाकीच्यांचा भाव बदलत नाही. ज्या ग्रुपमध्ये शेवटपर्यंत हो-नाही चालतं त्यांनी हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रविवारची मुदत. घाईने काही भरू नका. चार्टर कंपन्या बोट काही दिवस विनापैसे राखून ठेवतात, त्याला ते ऑप्शन म्हणतात, फक्त मागावा लागतो. उद्या मेल करा, ऑप्शन हवाय आणि रद्द करण्याच्या अटी लेखी हव्यात, व्हिसा नाकारला तर किती परत मिळतात हेही. बहुतेक करारांत त्याचे पैसे मिळत नाहीत आणि दहा भारतीय पासपोर्टांमध्ये एखाद्याचा व्हिसा अडकू शकतो हे धरूनच चालायचं. मग पैसे भरण्याआधी ग्रुपमध्ये एक नियम लिहून टाका, मराठीतच, चार ओळी: अमुक तारखेनंतर जो गळेल त्याने त्याचा वाटा द्यायचा किंवा बदली माणूस आणायचा, व्हिसा नाकारला गेला तर ते नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. डिपॉझिट कापलं तर तेही सगळ्यांचं, कोणाच्या हातून झालं ते बघायचं नाही. आणि तुम्ही एकटीच्या कार्डावरून सगळ्यांचे पैसे भरू नका, आधी प्रत्येकाकडून जमा करा. परदेशी पैसे पाठवताना टीसीएस (पाठवतानाच आधी घेतला जाणारा कर) लागला तर तोही ज्याच्या पॅनवर लागेल त्याच्याच रिटर्नमध्ये येतो, म्हणून कोण पाठवणार हे सीएला विचारून ठरवा.

जाणार असाल तर बोटीवरच्या जगण्याचं थोडं. पाणी मोजून असतं. सातशे लिटरची टाकी आणि स्किपर धरून नऊ माणसं म्हणजे पुन्हा भरेपर्यंत माणशी ऐंशीएक लिटर, आपल्या हिशोबाने चार बादल्या, त्यात भांडी पण आली. टॉयलेटमध्ये पोटातून आलेलं सोडून काहीही टाकायचं नाही, टिश्यूसुद्धा नाही, हे पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना स्पष्ट सांगा, कारण तुंबलं तर आठवडाभर एक केबिन बाद. कडक सुटकेस नको, घडी घालता येणाऱ्या बॅगा, कारण सुटकेस ठेवायला जागाच नसते. मिक्सर, इंडक्शन विसरा, शेगडी गॅसवर असते, छोटा कुकर मात्र न्या. पोहे, भाजणी, मेतकूट, बाकरवडी खुशाल न्या, पण तूप, श्रीखंड, पनीर असलं काही नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आणि हळद. बोटीवरच्या गाद्या पांढऱ्या नाहीतर फिक्या असतात, आमटीचा एक थेंब पडला की तो निघत नाही. आमच्याकडे वरणाचा डाग पडला होता, शेवटच्या सकाळी तपासणीला आलेल्या मुलीने तो बोटाने खरवडून बघितला आणि कव्हरचे पैसे लावले. जुन्या दोन चादरी घरून न्या आणि जेवताना अंथरा.

व्हिसाचं मार्चअखेरीस सुरू करा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेनचाच व्हिसा, आणि तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. राहण्याचा पुरावा म्हणून तुम्हाला बोटीचाच करार जोडावा लागेल, म्हणून त्यात नुसतं तुमचं एकटीचं नाव घालू देऊ नका, सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे असलेली क्रू लिस्ट कंपनीकडून सहीशिक्क्यासकट मागून घ्या, आणि तिच्यात किती नावं घालायची ते त्या मैत्रिणीशी बोलून झाल्यावरच कळवा.